हिराजी मेस्त्रींची राहिलेली मूठ

हिराजी मेस्त्रींनी ज्या ज्या घराचं काम केलं, त्या प्रत्येक घरात एक दार महिनाभर बिनमुठीचं राहायचं. पेणमधल्या एका डॉक्टरांनी त्यावरून त्यांना चांगलंच फैलावर घेतलं होतं. कपाटं झाली, पॉलिश झालं, आणि स्वयंपाकघराच्या दाराला मूठच नाही! मेस्त्री म्हणाले, "म्हैनाभर ऱ्हावा. मंग येतो." महिन्याने आले ते मूठ घेऊनच. दारावर हातांचे मळकट डाग पडले होते. त्यातला सगळ्यात गडद डाग त्यांनी शोधला. तो बराच खाली होता, डॉक्टरांच्या कमरेत वाकलेल्या आईच्या हाताला येईल इतका खाली. मूठ त्यांनी तिथे बसवली आणि डॉक्टरांना सांगितलं, "दिवसातून पन्नास येळा दार उघडते ती ही. तुमी दोन येळा. मंग मूठ कुनाची?"

ही गोष्ट मला डॉक्टरांनीच सांगितली, आणि सांगताना ते हसत होते. मेस्त्री स्वतःच्या गोष्टी सांगत बसणाऱ्यांतले नव्हते. ते समोरच्याला कामाला लावणाऱ्यांतले होते.

नव्वदीची सुरुवात होती. मी रोह्याला धाटावच्या एका केमिकल कंपनीत नकाशे काढायला होते. पाइप, टाक्या, व्हॉल्व्ह यांची चित्रं काढण्यात माझा हात इतका बसला होता की घरात भाजीचा देठसुद्धा मला आडव्या छेदात दिसायचा. माझ्या वडिलांचे एक स्नेही प्रधानसाहेब मालवाहू जहाजांवर इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी अडतीस फुटी शिडाच्या बोटीचं फायबरचं नुसतं कवच विकत घेतलं आणि पेणच्या पुढे खाडीकाठच्या एका शेडमध्ये आणून ठेवलं. आत काही म्हणजे काही नव्हतं. भल्यामोठ्या कलिंगडाची फोड खाऊन साल ठेवावी तसं ते दिसायचं. या सालीत साहेबांना आणि काकूंना वर्षातले सहा महिने राहायचं होतं. पावसाळा संपला की निघायचं, मालवण, गोवा, कारवार करत खाली जायचं आणि पुढच्या पावसाआधी परतायचं.

हौस साहेबांची होती असं सगळ्यांना वाटे. पण खरी घाई काकूंना होती. त्या मला म्हणाल्या होत्या, "अगं, तीस वर्षं मी धक्क्यावर उभी राहून हात हलवला. आता मला आत बसायचंय." काकू पाच फुटांच्याही आतल्या, गोल चेहऱ्याच्या, आणि बोलताना पदराशी चाळा करणाऱ्या. हे वाक्य बोलताना मात्र त्यांनी पदर सोडला होता.

आतल्या रचनेचा नकाशा काढायचं काम माझ्याकडे आलं. साहेबांनी विदेशी मासिकं आणून दिली होती. त्यातलं बघून मी झकास नकाशा काढला. पुढच्या निमुळत्या भागात दोघांचा मोठा बिछाना, मग न्हाणीघर, मध्ये बैठक आणि जेवणाचं टेबल, जिन्याच्या एका अंगाला स्वयंपाकाचा ओटा, दुसऱ्या अंगाला समुद्राचे नकाशे पसरायचं टेबल, आणि मागे डेकखाली आणखी एकाला झोपायची सोय. नकाशाची गुंडाळी घेऊन एका रविवारी मी रोह्याहून एसटीने पेणला उतरले आणि शेडवर गेले. तिथे खाकी अर्धी चड्डी आणि बनियन घातलेला साठीचा एक काटकुळा माणूस डोळे मिटून त्या रिकाम्या कवचात इकडून तिकडे चालत होता. हे हिराजी मेस्त्री. हमरापूरच्या अलीकडच्या खाडीकाठच्या एका वाडीत राहायचे. बापाबरोबर त्यांनी शिडाचे मचवे दुरुस्त केले होते, आणि मचव्यांचे दिवस गेल्यावर पेणमध्ये घरांची कामं धरली होती. म्हणजे पाणीही माहीत आणि घरही माहीत. असा माणूस साहेबांना दुसरा मिळाला नसता.

मी नकाशा पसरला. मेस्त्रींनी तो एकदा सरळ बघितला, एकदा उलटा बघितला, आणि म्हणाले, "चित्र ब्येस हाय गो बाय. पन ह्याच्यात मानसं कुठं हायत?"

मी म्हटलं, "माणसं नकाशात दाखवत नाहीत."

"मंग ती झोपनार कशी?"

एवढं बोलून त्यांनी एक जुनं दार लाकडाच्या दोन ओंडक्यांवर आडवं टाकलं. रुंदी बरोबर माझ्या नकाशातल्या बिछान्याची. "झोप," म्हणाले. मी नोकरदार बाई, इस्त्रीचा ड्रेस, आणि आजूबाजूला चार माणसं. मी नको नको म्हणतेय तोवर काकूंनी मला ढकललं. मी आडवी झाले. मेस्त्रींनी आणि त्यांच्या जोडीच्या सुताराने दाराची एक कड हळूच उचलली आणि मी घरंगळत सरळ भुश्यात. काकू हसून हसून खाली बसल्या.

"दोघांचा पलंग बंदरात," मेस्त्री मला उठवत म्हणाले. "चालत्या बोटीत मानूस खांद्याएवढ्या जागेत झोपतो. बोटीच्या मधोमध, खाली, आनि बाजूला कापडाची झोळी. बोटीनं त्याला धरला पायजे, पोराला आय धरते तसा."

मला राग आला. नाही म्हणायचं काही कारण नाही, रागच आला. पण एसटीत बसून विचार केला तेव्हा माणसाचं म्हणणं खरं होतं. पुढच्या रविवारी मी नकाशा बदलून नेला. बैठकीच्या दोन्ही बाजूंना अरुंद बिछाने झाले आणि पुढचा मोठा पलंग बंदरातल्या मुक्कामापुरता उरला. असं मग दर रविवारी व्हायला लागलं. मी कागदावर काढायची आणि मेस्त्री जमिनीवर खोडायचे.

स्वयंपाकाच्या ओट्याची गंमत तर अख्ख्या वाडीला पाठ झाली होती. शेडच्या तुळईला चार दोर बांधून मेस्त्रींनी एक मोठी फळी टांगली, झोपाळ्यासारखी. तिच्यावर फळ्यांचाच ओटा केला, स्टोव्ह ठेवला, आणि त्या झोपाळ्यावर स्वतःच्या बायकोला उभं केलं. त्यांना आम्ही काकी म्हणायचो. अंगाने दणकट, मिठागरात राबलेल्या. "चाय कर," म्हणाले, आणि झोके द्यायला लागले.

"अवो, तुमच्या अंगात आलंय काय!" काकी ओरडल्या. पातेलं डावीकडे गेलं, कपबशा उजवीकडे गेल्या. पण बाई खमकी. तिने कमर ओट्याला टेकवली, एक पाय मागच्या दोराला अडकवला आणि चहा उकळलाच. मेस्त्रींचं लक्ष चहाकडे नव्हतंच. कमर कुठे टेकली, पाय कुठे अडला, तिथे तिथे त्यांनी खडूने खुणा केल्या. बोटीत नेमका तिथे पाठीमागे पट्टा आला, ओट्याला तीन बोटं उंच काठ आला, आणि शेगडी पाळण्यासारखी टांगली गेली, बोट कशीही कलली तरी भांडं सरळच राहील अशी. तो चहा आम्ही सगळ्यांनी प्यायला. निम्मा सांडलेला होता.

त्यांची आणखी एक खोड म्हणजे खिळा न मारणं. सगळं स्क्रूवर, आणि स्क्रूची डोकी हाताला येतील अशी. मी विचारलं तर म्हणाले, "उद्या कोन दुरुस्तीला आला तर त्यानं मला शिव्या देऊ नये. आपन गेल्यावर शिव्या खायाच्या म्हंजे उत्तर पन देता येत नाय." ड्रॉवर उघडायला आधी जरा वर उचलावे लागत, म्हणजे बोट हलली तरी आपोआप बाहेर येत नसत. एकही टोकदार कोपरा नव्हता. काम झालेल्या भागातून ते रोज डोळे मिटून चालायचे आणि जिथे अंगाला काही लागलं तिथे रंधा मारायचे.

मुठीही अशाच बसवल्या. बोटीत चालताना धरायला जागोजाग काहीतरी लागतं. डोळे मिटून चालायचं, तोल गेला की हात जाईल तिथे खूण करायची. दहा-बारा मुठी अशा झाल्या. पण शेवटची, जिन्याच्या पायथ्याची, ओटा आणि टेबल यांच्या मधल्या खांबावरची, ती त्यांनी बसवलीच नाही. माझ्या नकाशात तिची जागा होती, जमिनीपासून सव्वाचार फुटांवर. मासिकातही तशीच होती.

"हिची जागा पान्यात कळंल," मेस्त्री म्हणाले. "जिमिनीवरची बोट खोटं बोलते."

साहेबांना हे पटलं. बोट पाण्यात गेली की पहिल्या फेरीला मेस्त्री बरोबर येणार, काकूंना आत चालताना बघणार आणि मूठ बसवणार, असं ठरलं. मेस्त्रींनी ती मूठ करून ठेवली होती. बाभळीची, हत्यारांच्या दांड्याला वापरतात त्या लाकडाची, मधे जराशी फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती. कधी नव्हे ते त्यांनी मला ती दाखवायला पुढे केली. "आयुष्यभर घरं केली," म्हणाले. "वास्तुशांतीला जेवलो. पन केलेल्या घरात बसून कुठं गेलो नाय. ह्या येळी जानार." साठीच्या माणसाच्या तोंडावर असा आनंद मी क्वचितच पाहिलाय.

बोट पाण्यात टाकायची तर मोठी भरती हवी, म्हणून कार्तिकी पौर्णिमेचा दिवस धरला होता. भर दुपारी खाडी काठोकाठ भरली आणि बोट ओंडक्यांवरून सरकत पाण्यात गेली. काकूंनी नारळ फोडला. मुंबईहून साहेबांचे मित्र आले होते. आत शिरून जो तो वाहवा करत होता. मी कोपऱ्यात उभी होते, कौतुकाची वाट बघत. खोटं कशाला बोलू? सहा महिन्यांचे माझे रविवार त्यात गेले होते. एकाने विचारलं, "डिझाइन कुणाचं?" साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी काही बोलणार, एवढ्यात त्या गृहस्थांनी खांबाकडे बघून विचारलं, "इथे हँडल राहिलं वाटतं?" मी म्हटलं, "नकाशात आहे ना, सव्वाचार फुटांवर." आणि मागून मेस्त्री म्हणाले, "कागदाला हात नसतात ना बाय."

सगळे हसले. मेस्त्रीही हसले, अगदी साधं. त्यात खोच नव्हती. दर रविवारी याहून तिखट ते मला ऐकवायचे आणि मीही ऐकवायची. पण त्या दिवशी मुंबईच्या चार लोकांदेखत माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

फेरी रविवारी ठरली होती. संध्याकाळी साहेब म्हणाले की शनिवारी सकाळीच निघायला हवं, मित्रांना रविवारी वेळ नाही. "तू परत जाताना मेस्त्रींना निरोप देशील? म्हणावं, सकाळी आठला या." मेस्त्री तोवर घरी गेले होते. त्यांची वाडी वाटेपासून फार तर अर्ध्या तासावर.

मी म्हटलं, "त्यांना शनिवारी जमणार नाही. दुसरं काम घेतलंय म्हणाले होते."

असं ते काहीही म्हणाले नव्हते. वाक्य तोंडातून कसं गेलं ते मला आजही कळत नाही, पण गेलं. आणि त्याला पुस्ती जोडली, "मुठीची जागा मी काढलेलीच आहे. तुमच्या इंजिनवाल्या फिटरला सांगा." फिटरकडे स्टीलचं तयार हँडल होतं. त्याने टेप लावला आणि सव्वाचार फुटांवर ते बसवलं. पाच मिनिटांचं काम. मी त्याच संध्याकाळी रोह्याला आले आणि छान जेवले.

शनिवारी बोट खाडीच्या तोंडातून बाहेर पडली. रेवसच्या पुढे उघड्या समुद्राच्या लाटा लागल्या. काकू ओट्यापाशी चहा करून वळल्या, बोट एकदम कलली, आणि काकूंनी हात टाकला. हाताला काही आलं नाही. टेबलाच्या पायावर आपटून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं.

आणि रविवारी सकाळी मेस्त्री धक्क्यावर आले होते. हे मला शेडच्या राखणदाराने नंतर सांगितलं. धुतलेला सदरा, लांब पँट, हातात हत्यारांची पत्र्याची पेटी, आणि जेवणाचा डबासुद्धा. बोट कालच गेली हे त्याने सांगितलं, तरी ते बसून राहिले. ओहोटी लागल्यावर उठले आणि चालत घरी गेले.

मी काकूंना भेटायला मुंबईला गेले. पाय वजनाला टांगलेला. "तुझं हँडल छान होतं गं," त्या म्हणाल्या, "पण मला ते दिसलंच नाही. माझा हात इथे गेला." आणि पडल्या पडल्या त्यांनी हवेत हात टाकून दाखवला, कमरेच्याही जरा खाली. काकू पुन्हा बोटीवर चढल्या नाहीत. जिना उतरणंच त्यांना जमेना. साहेबांनी बोट वर्षभर तशीच ठेवली आणि मग विकली. तीस वर्षं वाट बघून काकूंना आत बसायला मिळालं ते जेमतेम अर्धा दिवस.

परतताना मी मेस्त्रींकडे गेले. सगळं सांगायचं, असं ठरवूनच गेले होते. ते ओसरीवर पाटाला रंधा मारत होते. काकूंचं कळलं होतं त्यांना. मी बसायच्या आतच त्यांनी एकच विचारलं, "हात कुठं गेला व्हता त्यांचा?"

मी दाखवलं. त्यांनी रंधा खाली ठेवला, स्वतः डोळे मिटून उठले, अंग एका बाजूला झोकलं आणि हात टाकला. हात तिथेच गेला, कमरेच्या खाली. "बरोबर," म्हणाले. "पडनारा मानूस वर बघत नाय." बस, एवढंच. मला वाटलंच होतं, असं म्हणाले नाहीत. मी का नव्हतो, असंही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. निदान तेव्हापासून मी स्वतःची समजूत तशी घालत आलेय. मी चहा प्यायले, पाटाचं कौतुक केलं आणि उठले.

त्यानंतर मी जायचं टाळलं. कंपनीत शिफ्ट, मुलांच्या शाळा, कारणांना काय तोटा? कोकण रेल्वे सुरू झाली, रोह्याच्या पुढे गाड्या धावू लागल्या, मी पेणवरून कितीदा तरी गेले आणि उतरले नाही. मेस्त्री कुणाबरोबर तरी दरवर्षी निरोप पाठवायचे, "बायला म्हनावं, येऊन जा." दशक संपता संपता कळलं की त्यांना अर्धांगवायू झालाय. तेव्हा गेले.

घर तेच, भरतीचं पाणी चढतं म्हणून उंच जोत्यावर बांधलेलं. पाच उंच पायऱ्या. मेस्त्री ओसरीवर खाटेवर होते. उजवी बाजू गेलेली, बोलणं जड, पण कळत होतं. काकी गुडघ्यांनी बेजार झालेल्या. इकडचं तिकडचं झालं. शेवटी मी म्हटलं, "मेस्त्री, त्या शनिवारचं मला तुम्हाला सांगायचंय. साहेबांनी मला निरोप द्यायला—"

त्यांनी डावा हात वर केला. "सायब आलं व्हतं. बोट इकल्यावर. बोललं सगलं."

म्हणजे इतकी वर्षं त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असून ते दरवर्षी मला बोलावत होते. माझा चेहरा कुठे लपवावा ते मला कळेना. मी म्हटलं, "मला तुमचा राग आला होता. एवढ्याशा बोलण्याचा."

"म्या पन बोलाय नको व्हतं," ते म्हणाले. "चार मानसांत." आणि काकींना म्हणाले, "गो, बायला चाय दे."

चहा झाला. मी निघाले. डोळे भरलेले, समोरचं धड दिसत नव्हतं. दुसऱ्याच पायरीवर दगड हलला आणि माझा तोल गेला. मी हात टाकला. हाताला काहीतरी आलं. मी धरलं आणि सावरले.

पायऱ्यांच्या कडेच्या खांबावर, कमरेच्याही जरा खाली, बाभळीची मूठ होती. मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती. काकींच्या हाताने काळीभोर, गुळगुळीत झालेली.

मागे वळून बघितलं. मेस्त्रींनी उशीवरून मान उचलली होती आणि त्यांचे डोळे माझ्या तोंडाकडे नव्हते, माझ्या हाताकडे होते.

"गेला ना हात?" ते म्हणाले.

"गेला, मेस्त्री," मी म्हटलं. त्यांनी मान पुन्हा उशीवर टेकली. त्या पावसाळ्यात ते गेले, म्हणून हेच आमचं शेवटचं बोलणं. मी मात्र मूठ तशीच धरून बराच वेळ पायरीवर उभी होते, आणि काकी मला सारख्या विचारत होत्या, "लागलं काय गो, बाय?"